दलाल गेलो, काम रवला

एप्रिलातली रात्र. साडेअकरा वाजून गेलेले. देवगड तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या पडवीत आंब्याचा वास इतका दाटलेला की डोकं जड व्हावं. वहिनी पुठ्ठ्याच्या खोक्यात पेंढा पसरतेय, भाऊ एकेक फळ काट्यावर ठेवून ग्रॅमनुसार ढीग लावतोय, पुतण्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवतोय. मध्येच मोबाइल किणकिणतो. बंगळुरूच्या कुणा बाईंचा निरोप: आंबे पोचले, पण हिरवेगार आहेत, आमची फसवणूक झाली का? भाऊ हात लुंगीला पुसतो आणि त्या दिवसभरात बहुधा सतराव्यांदा तेच उत्तर टाइप करायला घेतो. हापूस हिरवाच पाठवतात, पेंढ्यात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका, देठाजवळ वास सुटला की खा.

‘ऑनलाइन धंदा’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लॅपटॉप आणि कॉफीचा कप यायचा. पेंढ्याने खाजणारे हात आले नव्हते.

सुरुवात झाली २०२० साली. मार्चच्या २५ तारखेला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा हापूसचा हंगाम नुकता तोंडावर आलेला. वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. कोकणातल्या शेकडो बागायतदारांनी तेव्हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी व्हॉट्सअॅपवरून थेट सूत जुळवलं. माझ्या भावानेही तेच केलं. एका सोसायटीची दीडशे खोक्यांची मागणी, एक टेम्पो, एकाच गेटवर माल खाली. पैसे आधीच खात्यात. गिऱ्हाईक घरात कोंडलेलं, त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. त्या वर्षी त्याला वाटलं, हे तर सोपं आहे.

पुढच्या मोसमात पुतण्याने एका संध्याकाळी वेबसाइट उभी केली. नावाच्या नोंदणीला वर्षाचे हजाराच्या आत पैसे, झाडाखाली उभं राहून काढलेले चार फोटो, आजोबांची गोष्ट, ‘ऑर्डर करा’चं बटण. मग सगळे वाट बघत बसले. अकराव्या दिवशी पहिली ऑर्डर आली. ती माझी होती. दोन दिवस मी त्यांना सांगितलंच नाही.

आधी दलालाविषयी बोलायला हवं, कारण हा सगळा उद्योग त्याला टाळण्यासाठी. वाशीला पेटी पाठवली की बागायतदाराच्या हाती उरायची ती पट्टी: भाव अमुक, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, भाडं वजा, अडत वजा. पट्टी हातात पडली की घरात तासभर कोणी कोणाशी बोलायचं नाही, हे मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेलं आहे. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, आणि माल थेट विकायची वाट कायद्याने मोकळी झाली. मधल्या माणसाला काढा, त्याचं कमिशन आपल्या खिशात. हिशेब सरळ दिसतो.

पण तो मधला माणूस काय काय करत होता, ते तो गेल्यावर कळायला लागलं. मोहोराच्या फवारणीसाठी हंगामाआधी उचल द्यायचा. मोठं फळ, बारीक फळ, डागी फळ, सगळा माल एकरकमी घ्यायचा. गिऱ्हाईक शोधायचा, त्याची बोलणी खायचा, बुडीत उधारी पचवायचा. तिसऱ्या हंगामात भाऊ मला म्हणाला, “दादा, दलाल गेलो, पण दलालाचा काम खंय गेला? ता आमच्याच पडवीत येऊन बसला.” ऑनलाइन व्यवसायावर मी इतकी पुस्तकं चाळली, पण त्याची एवढी नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही.

जगातल्या सर्वांत बड्या ऑनलाइन दुकानांतल्या एकालाही यातून सुटका नव्हती. जेफ बेझोसने अॅमेझॉन काढली १९९४ मध्ये. पुस्तकविक्री सुरू झाली १९९५ च्या जुलैत. नफ्याची पहिली तिमाही उजाडायला २००१ ची अखेर लागली, तीही जेमतेम ५० लाख डॉलरची. पूर्ण वर्ष नफ्यात गेलं ते २००३ साली. आणि त्याने निवडलेला माल बघा: पुस्तक. नासत नाही, चेपत नाही, एक प्रत दुसरीसारखीच, आणि नको असेल तर परत घेता येते. त्याच काळात अमेरिकेत वेबव्हॅन नावाच्या कंपनीने भाजी, फळं, किराणा घरपोच द्यायचा घाट घातला. प्रचंड स्वयंचलित गोदामं बांधली, १९९९ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि २००१ च्या जुलैत दिवाळं काढून मोकळी झाली. भांडवल होतं, यंत्रं होती. एवढी गोदामं भरून चालतील इतकी गिऱ्हाइकं नव्हती. मंडईत बसणाऱ्या कुठल्याही बाईने त्यांना बजावलं असतं की नाशवंत माल आणि रिकामं दुकान एकत्र नांदत नाही.

हापूस तर नाशवंतातलाही नखरेल. कोकणात फळाची तयारी आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण तयार. उतरवायचा तो साधारण चौदा आण्यांना. बारा आण्यांना काढला तर सुरकुततो, आंबट राहतो. जास्त थांबलात तर साक्याची भीती वाढते, आणि साका म्हणजे वरून देखणं, आतून पांढरट, स्पंजासारखं फळ. ते बाहेरून ओळखता येत नाही. वर्षानुवर्षं आंबे हाताळलेला माणूसही छातीठोक सांगू शकत नाही. फळ काढायचं ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने, देठ राखून, नाहीतर चीक सांडून सालीवर काळे डाग पडतात. बाजारात डाग चालायचा, भाव थोडा कमी यायचा, इतकंच. फोटो बघून पैसे भरलेल्या माणसाला डाग चालत नाही.

इंटरनेटमुळे बागेतलं कामसुद्धा कसं बदललं, ते मला फार मनोरंजक वाटलं. पूर्वी अख्खी गाडी एकाच बाजाराला जायची. आता पुण्याचं खोकं दुसऱ्या दिवशी पोचतं आणि दिल्लीचं चार-पाच दिवसांनी. नागपुराला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. म्हणजे पुण्यासाठी आढीत थोडं मुरलेलं फळ चालतं, दिल्लीला टणकच पाठवायला हवं, आणि नागपूरचं खोकं शनिवारी निघता कामा नये, कारण रविवारी ते कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात भाजून निघेल. भाऊ आता सकाळी बागेत शिरण्याआधी पिनकोडांची यादी बघतो. हे शहाणपण फुकट आलं नाही. दुसऱ्या वर्षी एका कुरियरच्या गोदामात त्याची बावीस खोकी सलग सुट्ट्यांत अडकली. वासावरून ती सापडली. नुकसानभरपाईच्या अर्जाचं पुढे काय झालं, हे त्याला विचारू नये.

आता हिशेब. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण बांधणी खरी आहे. समजा एक डझनाचं खोकं १२०० रुपयांना विकलं. तोच डझन घाऊक बाजारात घातला असता तर ६०० आले असते, म्हणजे हा झाला मालाचा खर्च. खोकं, पेंढा, छपाई मिळून ७०. कुरियर २५०; आणि इथे एक मेख आहे. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय १६ चं खोकं म्हणजे ३.८४ किलो. आत आंबा अडीच-पावणेतीन किलोच असला तरी भाडं चार किलोचं. पेंढा कमी करून खोकं लहान करावं तर फळ दबतं. कार्डाने पैसे घेतले तर मधली कंपनी कापते ते २५ धरा. साका निघालेली, फुटलेली फळं भरून द्यायची, त्याचे सरासरी ६०. एकूण १००५. उरले १९५.

पण हे गिऱ्हाईक आलं कुठून? मार्च-एप्रिलात गुगलवर ‘देवगड हापूस’ शोधणाऱ्या माणसासाठी अख्खं कोकण बोली लावत असतं. जाहिरातीवरच्या एका टिचकीचे समजा १५ रुपये. शंभर टिचक्यांतून तिघांनी माल घेतला तर एका ऑर्डरमागे ५०० रुपये जाहिरातीचेच. म्हणजे पहिल्या खोक्यावर ३०५ रुपयांचा तोटा. त्याच माणसाने जाहिरातीविना पुन्हा मागवलं तर तोटा ११० वर येतो, आणि तिसऱ्या खोक्याला कुठे ८५ रुपये दिसतात. माणूस वर्षाला एकच खोकं घेत असेल तर तिसरं खोकं म्हणजे तिसरा हंगाम. मधल्या काळात तो दुसरीकडे वळला, त्याला एकदा आंबट फळ गेलं, किंवा १६ मे २०२१ ला आलं तसं तौक्ते वादळ बागेवरून गेलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि वहिनीच्या रात्रींची मजुरी यात कुठेही धरलेली नाही. ती कुणीच धरत नाही, म्हणून तर घरगुती धंदे नफ्यात दिसतात.

करांचीही एक गंमत. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, हे ऐकून लोक खूश होतात. पण कुरियर, जाहिरात, पैसे स्वीकारणारी सेवा, या सगळ्यांवर १८ टक्के भरावे लागतात, आणि विक्रीच करमुक्त असल्यामुळे त्यांची वजावट मिळत नाही. तो खर्चच. आंबापोळी किंवा रस विकायला घेतला की अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक, पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, तारीख, तक्रारीचा पत्ता हे सगळं आलं. परदेशाचं तर विचारूच नका. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, आणि २०२५ च्या मे महिन्यात विकिरणाच्या कागदांतल्या त्रुटींमुळे तिथल्या विमानतळांवर १५ खेपा नाकारल्या गेल्या. न्यू जर्सीतल्या आतेबहिणीला आम्ही फोटो पाठवतो.

याउपर खोटेपणाशी सामना. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. तरी कर्नाटकाचा आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकणारे आहेतच, आणि वेबसाइट त्यांचीही तितकीच सुंदर असते. किंबहुना जास्त सुंदर. फोटोला वास नसतो. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळागणिक वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायची योजना आणली ती यासाठीच. म्हणजे पडवीत आणखी एक काम वाढलं.

मग यात उरतं काय? भाऊ एक वही दाखवतो. मोबाइल आहे, संगणकावर यादी आहे, तरी वही आहे. तीत सुमारे चारशे नावं. नावापुढे खुणा: ‘लहान फळ चालतं’, ‘सासूला मधुमेह, पण मागवतात’, ‘अक्षयतृतीयेच्या आत हवं’, ‘२०२२ ला साका, दोन फळं जास्त दिली’. पुतण्याने जाहिरातींचा खर्च आता जवळपास थांबवलाय. वहीतली माणसं मागवतात, त्यांचे व्याही मागवतात. सगळा माल मात्र अजूनही ऑनलाइन जात नाही. मध्यम आणि डागी फळ वाशीलाच जातं, त्याच जुन्या दलालाकडे. त्याच्याशी संबंध तोडले नाहीत, हा भावाचा मला सर्वांत धंदेवाईक निर्णय वाटतो. चारशे खोक्यांचं फळ थेट, बाकीचं बाजारात. दोन्हीकडची चिडचिड अर्धी अर्धी.

आता तुमच्या हातात हा अंक पडेल तेव्हा बागेत एकही आंबा नसेल. कलमांना पालवी आलेली असेल आणि थंडी पडून मोहोर कधी फुटतो याकडे डोळे लागलेले असतील. वेबसाइटवर ‘हंगाम संपला’ अशी पाटी आहे. पण परवा फोन केला तर भाऊ कामातच होता. वही उघडून एकेकाला दिवाळीच्या शुभेच्छांचा फोन करत होता, रोज वीस. व्हॉट्सअॅपवर एकदम सगळ्यांना का पाठवत नाहीस, मी विचारलं.

“पाठयलंय मागच्या वर्साक,” तो म्हणाला. “चारशेतल्या नऊ जणांनी उत्तर दिल्यानी.” आणि लगेच, “ठेव दादा, नागपूरवाल्यांचो फोन येता हा.”