बुडायचंय, पण बेतानं!

स्वतःचं ट्रॅव्हल स्कूबा किट घेतलंय? मग मालवणचं तिकीट काढण्याआधी ते घरच्या हौदात एकदा बुडवून बघा...

‘अबे, एवढे पैसे देऊन बुडाले चालला का? आपल्या इहिरीत फुकटात बुडता येते!’

कारंजा लाडच्या घरी कुरिअरचा खोका उघडला तेव्हा मामांची ही पहिली रिअ‍ॅक्शन. खोक्यात होतं माझं नवंकोरं ट्रॅव्हल बीसीडी. म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधायचं आणि हवा भरायचं-सोडायचं जॅकेट. वजन जेमतेम अडीच किलो, घडी घातली की सॅकमध्ये मावतं. कारंज्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे दुकानात जाऊन ट्राय वगैरे करायचा प्रश्नच नव्हता. साइझ चार्टवर भरवसा ठेवला आणि ऑनलाइन मागवलं. टी-शर्टवर चढवलं, आरशात पाहिलं... एकदम जेम्स बाँड!

पंधरा दिवसांनी मालवणच्या समुद्रात या बाँडचा पार बोऱ्या वाजला. पाण्यात उडी मारताच जॅकेट सरकून कानापर्यंत आलं. हवा भरली तर तोंड पुढे पाण्यात ढकललं जातंय, हवा सोडली तर खाली जाता येत नाही. बोटीवरून कुणीतरी आणखी दोन शिशाची वजनं माझ्या खिशात कोंबली. मग मात्र असा खाली गेलो की कानात कळच आली! पुढे सगळा वेळ तळाची वाळू उडवत, बटण दाबून हवा भर, पुन्हा सोड. इतरांचा सिलिंडर अर्धा झाला तेव्हा माझा संपत आला होता.

दोष कुणाचा? मी अर्थातच जॅकेटला शिव्या घातल्या. पण जॅकेट बिचारं निर्दोष होतं.

मामांचा डबा आणि आर्किमिडीज

वऱ्हाडात पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला हवाबंद डबा नाहीतर सुका भोपळा बांधून. मीही तसाच शिकलो. बीसीडी म्हणजे तोच डबा, फक्त त्यातली हवा कमी-जास्त करता येते. शाळेतलं ‘प्लावक बल’ आठवतंय? पाण्यात तुम्ही जेवढी जागा अडवता, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तुम्हाला वर ढकलतं. समुद्राचं खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. म्हणजे किटसकट तुमचं वजन शंभर किलो धरलं, तर समुद्रात तुम्हाला अडीच किलो जास्त शिसं लागणार. स्विमिंग पूलमध्ये जमवलेलं गणित समुद्रात चुकतं ते यामुळे.

दुसरी गंमत हवेची. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारनं भरलेल्या हवेचं वजन साधारण अडीच किलो असतं. डाइव्ह संपता संपता ती जाते, आणि नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर सुरुवातीला बुडणारा असतो तो शेवटी तरंगू लागतो. म्हणजे सुरुवातीला मस्त सेट झालेला माणूस शेवटी, नेमकं वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हाच, फुग्यासारखा वर निघतो. ही वर जायची घाई सगळ्यांत वाईट. त्या वेळी श्वास धरला तर फुप्फुसांतली हवा फुगते आणि जिवावर बेतू शकतं.

तिसरा भिडू म्हणजे वेटसूट. त्याच्या रबरात बारीक बुडबुडे असतात. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि सूटचं तरंगणं कमी होतं. वर जो बुडत नव्हता, तोच खाली दगड होतो. त्यात नवा सूट जुन्यापेक्षा जास्त तरंगतो, त्यामुळे मित्राचा आकडा ऐकून तेवढंच शिसं बांधलं तर फसलात.

‘श्वास कित्याक धरून ऱ्हवलंस?’

दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या एका जुन्या इन्स्ट्रक्टर दादांनी माझी शाळा घेतली. आधी सगळं जास्तीचं शिसं काढायला लावलं. मग पाण्यात सरळ उभं राहायचं, जॅकेटमधली हवा पूर्ण सोडायची, नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि हलायचं नाही. पाण्याची पातळी डोळ्यांशी आली पाहिजे. श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. माझं काही जाईना. ‘अरे, श्वास कित्याक धरून ऱ्हवलंस? सोड मरे आधी!’ दादा ओरडले. सोडला, आणि गेलो की खाली!

म्हणजे आदल्या दिवशी मला शिसं कमी पडत नव्हतंच. घाबरून मी छाती भरून ठेवली होती आणि पाय मारत होतो. भरलेल्या फुप्फुसांत दोन-तीन लिटर हवा सहज जास्तीची असते, म्हणजे दोन-तीन किलोचा वरचा धक्का. त्यावर इलाज म्हणून आम्ही शिसं वाढवलं!

ही चाचणी डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा उरली असताना केली तर आकडा खरा येतो. सिलिंडर भरलेला असेल तर वर आणखी साधारण दोन किलो धरा. आलेला आकडा सूट, सिलिंडर आणि जागेच्या नावासकट वहीत लिहून ठेवा. माझा आकडा १० वरून ६ किलोवर आला. हे ४ किलो म्हणजे काय असतं, ते पाण्यात चार लिटर कमी हवा भरावी लागते तेव्हा कळतं.

हे नुसतं आरामाचं प्रकरण नाही. डायव्हिंगच्या अपघातांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: जीव गेलेल्या अनेकांच्या अंगावर शिसं तसंच होतं. म्हणून ट्रॅव्हल बीसीडीच्या खिशातली वजनं एका हाताने, न बघता ओढून टाकता येतात का, हे बोटीवर चढण्याआधी करून बघा. काही हलक्या जॅकेटना असे खिसेच नसतात. मग वेगळा पट्टा लागतो, आणि त्याचं बकल जॅकेटच्या पट्ट्याखाली अडकता कामा नये.

फिटिंगचा फंडा

माझी मूळ चूक टी-शर्टची होती. ट्रायल घ्यायची ती वेटसूट घालून, आणि जॅकेट पूर्ण फुगवून. छाती आवळली तर लहान, खांद्यांवरून वर सरकलं तर मोठं किंवा पोटाचा पट्टा सैल. हलक्या जॅकेटना पाठीला कडक प्लेट नसते, त्यामुळे हे सरकणं जास्तच. खालून जाणारा क्रॉच स्ट्रॅप लावला की ते बरंचसं थांबतं (दिसतो विनोदी, पण पाण्याखाली बघतंय कोण?). सिलिंडरचा पट्टा आधी भिजवायचा आणि मग आवळायचा. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि सिलिंडर पाठीवरून निसटतो.

तोंड पुढे ढकललं जात होतं त्याचं कारण वेगळं. ट्रॅव्हल जॅकेटची हवेची पिशवी बहुतेक वेळा पाठीला असते. शिसं पोटाशी आणि हवा पाठीशी, मग माणूस पालथा होणारच! वर तरंगताना गरजेपुरतीच हवा भरायची, आरामखुर्चीत रेलल्यासारखं मागे झुकायचं आणि दोनेक किलो सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या खिशात न्यायचे. पाय खाली लोंबत असतील तर सिलिंडर थोडा वर सरकवा. फार वर नको, नाहीतर मान मागे केली की डोकं रेग्युलेटरवर आपटतं.

मास्कचं सोपं आहे. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हवा ओढा. चिकटून राहिला तर तुमचा. मिशीवाल्यांना नाकाखाली थोडी भादरावी लागेल, त्याला इलाज नाही! फिन्स मात्र संध्याकाळी घालून बघा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

आता राहिला हौद. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल पडलं असेल तर पाण्यात दाबून बुडबुडे शोधा. आमच्या अंगणात हा कार्यक्रम बघायला अर्धी गल्ली जमली होती. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडल्यावर लगेच परत येतं का, तेही बघाच. मीठ साचून ते अडकलं तर जॅकेट आपोआप फुगत राहतं. असं पाण्याखाली झालं तर लगेच नळी काढायची आणि हवा सोडत राहायचं. हे जमिनीवर दहा वेळा करून हाताला सवय लावा.

शिसं घरून नेऊ नका, तिथे मिळतं. देशांतर्गत फ्लाइटला साधारण १५ किलो चेक-इन मिळतं, माझं सगळं किट ११ किलोत बसतं. आणि हो, हे सगळं सर्टिफिकेट असलेल्यांसाठी. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना इन्स्ट्रक्टर धरूनच खाली नेतात, त्यांनी किट घ्यायची घाई करू नये.

परतीचं एक सांगायचं राहिलं. शेवटच्या डाइव्हनंतर त्याच रात्री बस पकडून घाट चढू नका. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, आणि ६०० मीटरच्या वर जाणं डायव्हरसाठी विमानात बसण्यासारखंच. एक डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८ तास थांबायचं. तेवढ्यात मालवणात एक सुरमई थाळी जास्तीची होते!

घरी आल्यावर किट गोड्या पाण्यात आतून-बाहेरून धुतलं आणि गच्चीवर वाळत टाकलं. मे महिना, कारंज्याचं ऊन! दुपारी मामा स्वतः वर गेले आणि सगळं उचलून पडवीत आणलं. म्हणाले, ‘बाप्पा, रबर हाय ना थे? उन्हात काय पापड वाळवतं का त्याचे?’