वारा समुद्रावरचा, ठसका नंदुरबारचा

तुमच्या ऑफिसखालच्या मिसळवाल्याच्या तर्रीत नंदुरबार असण्याची शक्यता बरीच आहे. लाल मिरचीच्या धंद्यात गुंटूरनंतर ज्या बाजाराचं नाव निघतं, तो हा. पावसाळा सरला की शहराभोवतीच्या मोकळ्या जागांवर लाल गालिचे पसरायला लागतात. तिकडे त्याला पथारी म्हणतात. व्यापारी ओली मिरची विकत घेतो, पथारीवर टाकतो आणि ती खडखडीत वाळेपर्यंत रोज आभाळाकडे बघतो. मध्येच पावसाची एक जोरदार सर आली की मिरचीवर डाग पडतात, रंग उतरतो, बुरशी धरते. लाखोंचा माल मातीमोल. देठं खुडायला आलेल्या मजूर बायकांचा रोज बुडतो, तो वेगळाच.

आता जरा नकाशा काढा. नंदुरबारला समुद्र नाही. सातपुडा आहे, तापी आहे, नर्मदा आहे. समुद्र बघायचा तर सुरतची गाडी पकडायची, दीडशे किलोमीटरहून जास्त. तरीही मिरचीच्या सीझनमधला अवकाळी पाऊस पुष्कळदा अरबी समुद्रावरून आलेला असतो. ५ डिसेंबर २०१७ आठवतोय? ओखी चक्रीवादळामुळे मुंबईतल्या शाळांना सुट्टी दिली होती आणि लोक भर डिसेंबरात माळ्यावरच्या छत्र्या शोधत होते. ते वादळ लक्षद्वीपकडून वळून सुरतच्या दिशेनं निघालं होतं. म्हणजे नंदुरबारच्या शेजारच्या दारात! किनाऱ्याला लागेपर्यंत त्यातला जोर गेला, हे नशीब.

मग प्रश्न असा, की भर समुद्रात वारा किती जोरात आणि कुठल्या दिशेनं वाहतोय हे कळतं कसं? तिथे ना हवामान केंद्र, ना निरीक्षक. तरंगती यंत्रं आहेत, पण मोजकी. जहाजं वारा नोंदवतात, पण कुठलाही शहाणा कप्तान वादळाच्या पोटात जहाज घालत नाही. जिथली माहिती सगळ्यात जास्त हवी, नेमकी तिथलीच मिळत नाही.

बशीतला चहा

उत्तर उपग्रहात आहे आणि त्यामागचा फंडा तुमच्या बशीत. गरम चहा बशीत ओता आणि हळूच फुंकर मारा. चहावर बारीक सुरकुत्या उठतात. जोरात फुंकलंत तर जास्त उठतात. समुद्राचंही तसंच. मोठ्या लाटा दूरच्या वादळानंही येऊ शकतात, पण सेंटिमीटरभराच्या या सुरकुत्या तिथल्या, त्या क्षणीच्या वाऱ्याच्याच असतात. उपग्रह वरून तिरक्या रडारलहरी सोडतो. पाणी आरशासारखं गुळगुळीत असेल तर त्या पलीकडे निघून जातात, सुरकुतलेलं असेल तर त्यातल्या काही परत येतात. परत आलेली लहर मोजायची आणि वाऱ्याचा वेग काढायचा. या यंत्राला म्हणतात स्कॅटरोमीटर.

दिशा काढणं जास्त अवघड. त्यासाठी समुद्राचा एकच तुकडा वेगवेगळ्या कोनांतून बघावा लागतो, म्हणून आपल्या यंत्राची डिश सतत गरगर फिरत असते. तरीही गणितातून बरेचदा एकाऐवजी तीन-चार दिशा निघतात. अनोळखी गावात चार जणांना पत्ता विचारावा आणि चौघांनी चार बाजूंना हात करावेत, तसं. मग हवामानाचं मॉडेल आणि आजूबाजूचा वारा बघून खरी दिशा निवडायची.

गंमत म्हणजे हा शोध कोणी मुद्दाम लावलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या रडारवाल्यांना समुद्रावरून एक खरखर ऐन कामात त्रास द्यायची. तो कचरा आहे असं समजून ती काढून टाकायचे प्रयत्न झाले. पुढे लक्षात आलं, की ही खरखर वाऱ्याबरोबर वाढते. झालं, कचऱ्याचाच डेटा झाला. १९७८ मध्ये अमेरिकेनं सीसॅट उपग्रहावर असं यंत्र पाठवलं. साडेतीन महिन्यांत शॉर्ट सर्किट होऊन सीसॅट गेला, पण तेवढ्यात आयडिया चालते हे सिद्ध झालं होतं.

बॅटन हातात

खरा किस्सा २००९ चा. १९९९ पासून जगभरचे हवामानवाले नासाच्या क्विकस्कॅटवर विसंबून होते. २३ सप्टेंबर २००९ ला श्रीहरिकोट्याहून आपला ओशनसॅट-२ उडाला, त्यावर इस्रोचा स्कॅटरोमीटर. बरोब्बर दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, दहा वर्षं फिरून दमलेल्या क्विकस्कॅटचा अँटेना थांबला. मधल्या काळात, ११ नोव्हेंबरला, फयान चक्रीवादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं होतं आणि कोकणातले कित्येक मच्छीमार घरी परतलेच नव्हते. समुद्रावरच्या वाऱ्याची वेळेवर खबर म्हणजे काय, हे तेव्हा आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

रिले रेसमध्ये असा बॅटन क्वचित मिळतो. युरोपचं एक यंत्र तेव्हा चालू होतं, पण क्विकस्कॅटच्या जातीचं, एका फेरीत समुद्राचा अठराशे किलोमीटर रुंद पट्टा झाडून काढणारं यंत्र म्हणजे आपलंच. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर चालून गेलं, तेव्हा त्याच्या वाऱ्यांचा जो नकाशा नासानं प्रसिद्ध केला, तो ओशनसॅट-२ च्या मोजमापाचा होता. आपल्या पेपरांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही. चांद्रयानासारखा ग्लॅमर नाही ना वाऱ्याला!

फेब्रुवारी २०१४ मध्ये ते यंत्र थांबलं. पुढचा स्कॅटसॅट-१ यायला २६ सप्टेंबर २०१६ उजाडलं. जुन्या मोहिमांचे उरलेले भाग वापरून तो कमी खर्चात उभा केला होता. (जुगाड हा शब्द इथे कौतुकानं वापरतोय.) ओखीच्या वेळी हाच वर होता.

अरबी समुद्र बदललाय

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं का, ते पुण्यात कळतं. पाषाणच्या आयआयटीएममधल्या, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या, मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ मधल्या चक्रीवादळांचा हिशेब मांडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ नंतर अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. ती टिकतातही जास्त, एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला. पूर्वी वादळ म्हटलं की आपण ओरिसा, आंध्र म्हणायचो. ते दिवस गेले.

पावसाळ्याचीही तीच गत. याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमनं २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीनं वाढल्या. कारण सापडलं अरबी समुद्रावर: पश्चिमेचे वारे पूर्वीपेक्षा जास्त लहरी झालेत, मध्येच उसळी मारतात आणि बाष्पाचा लोंढा आत आणून सोडतात. तो वारा समुद्रावर असतानाच दिसला, तर पुढे काय होणार याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी बांधता येतो.

आणि नेमका अशा काळात आपला डोळा मिटला. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर स्कॅटसॅट-१ चं यंत्र बंद पडलं. मे महिन्यात तौक्ते आलं. मुंबईजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, सत्तरहून अधिक माणसं गेली. इशारा नव्हता असं नाही, हवामान खात्यानं तो दिला होता. युरोपच्या उपग्रहांचा डेटाही हाताशी होता. पण वाढत्या वादळांच्या समुद्रावर स्वतःचं वारामापक यंत्र पावणेदोन वर्षं नसावं, हे काही पटत नाही. २६ नोव्हेंबर २०२२ ला ओशनसॅट-३ गेला, तेव्हा ती जागा भरली. एक संपायच्या आधी दुसरा तयार ठेवणं ही या कामातली खरी गोष्ट आहे, आणि तिथेच आपण दोनदा उशीर केला.

या यंत्राला मर्यादाही आहेत. मुसळधार पाऊस असला की त्याची मोजणी गडबडते, म्हणजे वादळाच्या अगदी मध्यावर. आणि जमिनीवरचा वारा त्याला दिसत नाही. सुरतच्या किनाऱ्याशी त्याची नजर थांबते. तिथून पुढे नंदुरबारपर्यंत अंदाज न्यायचा तो मॉडेलनं, आणि शेवटी माणसानं. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत 'परवा पाऊस आहे, माल गोळा करा' असं सांगणारी जिल्हा कृषी हवामान युनिटं देशभर उभी केली होती, १९९ ठिकाणी. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. वर कोट्यवधींचा उपग्रह आणि खाली सांगणाऱ्यालाच सुट्टी!

पथारीवर एक दिवस आधी खबर मिळाली तर काय होतं? फार काही नाही. पसरलेली मिरची ओढून ढीग करायचे, वर ताडपत्री टाकायची, कडेनं दगड ठेवायचे. पण पथारी एकरांत मोजायची असते आणि हे काम हातानंच होतं. ढग दिसल्यावर सुरुवात केली, तर अर्धा माल भिजलेला असतो.