रोजची इंग्रजी क्रियापदं : ‘रन’ला पळू देऊ नका

मागच्या आठवड्यात आपण ‘टेक’ पाहिलं, आज ‘रन’. शाळेत याचा अर्थ एका शब्दात उरकतात : पळणे. मग कुणी ‘माय अंकल रन्स अ मेडिकल शॉप’ म्हटलं की पोरं काकांना दुकानासकट पळवतात.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली. त्या कामात नऊ महिने गेले आणि नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. ते पाठ करायच्या भानगडीत पडू नये. मराठी माणसाला त्यापेक्षा सोपी वाट आहे. ‘पळणे’ बाजूला ठेवा आणि आपलं ‘चालणे’ लावून बघा.

दुकान चालतं, पंप चालतो, वर्ग चालतात, सिनेमा चालतो. इंग्रजीत या सगळ्यांना ‘रन’ लागतं. मुंबईच्या ‘मराठा मंदिर’मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ 1995 पासून वर्षानुवर्षं चालला, लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक 1952 साली लागलं आणि करोनाची सक्तीची सुट्टी सोडली तर चालूच राहिलं. दोन्हीकडे शब्द ‘रन’च. जिथे इंग्रजी पळते तिथे मराठी निवांत चालते, असं म्हणायला हरकत नाही. अपवाद रेल्वेचा. आपल्याकडच्या उद्घोषणांतही लोकल ‘धावत’ असतात, पंधरा मिनिटं उशिराने का होईना.

पण ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, विशेषतः ‘चालवणे’ला. आपण सायकल, मोटार, दुकान आणि संस्था एकाच क्रियापदाने चालवतो. इंग्रजीत सायकल ‘राइड’ करतात, मोटार ‘ड्राइव्ह’ करतात, दुकान नि संस्था तेवढी ‘रन’ करतात. आता गंमत अशी, की ‘रन अ कार’ असाही प्रयोग आहे. ‘आय कान्ट अफोर्ड टु रन अ कार’ हे म्हणणाऱ्याला स्टिअरिंग धरता येत नाही असं नाही; त्याला पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हा खर्च झेपत नाही. आपण म्हणतो ना, ‘गाडी घेणं सोपं, पोसणं कठीण’, त्यातलं हे पोसणं. तसंच आपलं लाडकं ‘चालेल’. ‘उद्या आलो तर चालेल?’ इथे ‘रन’ चुकूनही आणू नका, ‘इज टुमॉरो ओके?’ एवढं पुरे.

पातळ पदार्थांचं प्रकरण लवकर संपतं. नळ वाहतो, सर्दीत नाक गळतं, नव्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात जातो : सगळीकडे ‘रन’. ताप असला तरी ‘ही इज रनिंग अ टेंपरेचर’.

स्वयंपाकघरात मात्र जरा थांबू. सकाळी पातेलं रिकामं दिसतं आणि आतून आवाज येतो, ‘अहो, दूध संपलंय!’ मराठीत संपणारं दूध असतं. इंग्रजीत बहुधा माणसं कर्ता होतात : ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.’ ‘द मिल्क हॅज रन आउट’ही बरोबर आहे. आपल्याकडचं ‘मिल्क इज फिनिश्ड’ पुण्यात सर्वांना कळतं, लंडनच्या घरात जरा परकं वाटेल. साखर, पैसे, वेळ, धीर, सगळं याच साच्यात बसवता येतं. क्रिकेटमधला ‘रन आउट’ वेगळा. तिथे खरंच पळावं लागतं.

निवडणुकीत तर इंग्रजीचे दोन तट आहेत. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो. म्हणूनच बहुधा तो पडूही शकतो.

रूपं : रन, रॅन, रन. तिसरं पहिल्यासारखंच असल्यामुळे ‘हॅज रॅन’ तोंडात येतं आणि ते चूक आहे. ‘द बॅटरी हॅज रन डाउन’ म्हणायचं. शिवाय ‘रनिंग’ लिहिताना मधला एन दोनदा घालायला विसरू नका. अर्जांमध्ये ही चूक हमखास सापडते. पुढच्या आठवड्यात ‘टर्न’.