ग्रँड कॅन्यनचा शांत काठ

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या प्रचंड घळईचे, म्हणजे ग्रँड कॅन्यनचे, चित्र तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिले असेल. ही घळई ४४६ किलोमीटर लांब आहे. १९१९ मध्ये तिचा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला. तेथे वर्षाला सुमारे पन्नास लाख लोक येतात; पण त्यांतले बहुतेक सगळे दक्षिण काठावरच गर्दी करतात. उत्तर काठाकडे वळणारे जेमतेम दहांतले एक.

असे का व्हावे? पक्ष्याला एका काठावरच्या वस्तीतून समोरच्या काठावर जायला सुमारे १६ किलोमीटर पुरतात. मोटारीला मात्र घळईला वळसा घालून सुमारे ३४० किलोमीटर जावे लागते. शिवाय हिवाळ्यात बर्फामुळे उत्तरेचा रस्ता बंद असतो. पण जो तेथे पोहोचतो त्याला निसर्गाची काही कोडी उलगडलेली दिसतात. ती आपण पाहू या.

दोन काठ, दोन हवामाने

दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे, तर उत्तर काठ सुमारे २,४०० मीटर. फरक केवळ ३०० मीटरांचा. पण परिणाम मोठा! दक्षिणेस वर्षाला सुमारे ४० सेंटिमीटर पाऊस व बर्फ पडते, उत्तरेस ६० सेंटिमीटरांहून अधिक. म्हणून उत्तरेस पाईन, फर, स्प्रूस आणि ॲस्पेन यांचे घनदाट अरण्य आहे. तळाशी नदीकाठी मात्र निवडुंगाचे वाळवंट!

जुलै महिन्यात उत्तर काठावर दुपारचे सरासरी कमाल तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअस असते, तर तळाशी ४१ अंश. हा फरक तुम्हांला गणिताने पडताळता येईल. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की दाबली जाऊन सुमारे १० अंशांनी तापते. उत्तर काठावरच्या पाऊलवाटेच्या आरंभापासून नदी सुमारे १,७६० मीटर खाली आहे. करा गुणाकार! उत्तर १७ अंशांच्या आसपास येईल.

नदी मध्यभागी का नाही?

उत्तर काठावरून नदीपर्यंतची पाऊलवाट सुमारे २२ किलोमीटरांची आहे, तर दक्षिणेकडील तीव्र उताराची वाट केवळ ११ किलोमीटरांची. म्हणजे नदी दक्षिण काठाला बरीच जवळ आहे. याचे कारण खडकांच्या थरांत आहे. येथील थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे उत्तर काठावर पडलेले पाणी घळईत उतरते आणि काठ कोरत राहते. लांबलचक उपघळया तयार होतात. दक्षिण काठावरचे पाणी मात्र घळईकडे पाठ फिरवून दक्षिणेलाच वाहून जाते. म्हणून तो काठ कमी झिजला.

हे थर वाचणे म्हणजे पृथ्वीचा इतिहास वाचणेच. सर्वांत वरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तो त्याच्यापुढे तरुणच! आणि तळाचा रूपांतरित खडक तर सुमारे १७५ कोटी वर्षांचा आहे. त्याचे नाव ऐकून नवल वाटेल : विष्णू शिस्ट. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला घळईतील सुळके पौर्वात्य देवळांसारखे भासले आणि विष्णू मंदिर, शिव मंदिर अशी नावे नकाशावर आली.

पांढऱ्या शेपटीची खार

उत्तरेच्या पाईनवनात कैबाब खार राहते. तिचे अंग व पोट गडद, कानांवर केसांचे झुपके आणि शेपटी पांढरीशुभ्र. दक्षिण काठावरच्या तिच्या बहिणीचे पोट पांढरे, शेपटी करडी. दोघींचे अन्न पाँडेरोसा पाईन या झाडाशी बांधलेले. हिमयुग संपले, हवा तापली, तसे हे वृक्ष उंच जागी मागे हटले. खालचा प्रदेश रुक्ष झाला आणि उत्तरेच्या पठारावरच्या खारी जणू बेटावर अडकल्या.

मग घळईतच सुटा उभा असलेला, माथ्यावर वन असलेला शिव मंदिर नावाचा डोंगर म्हणजे आणखी एक बेटच नव्हे काय? तेथे वेगळेच प्राणी निपजले असतील, या अपेक्षेने १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे पथक माथ्यावर चढले. वेगळी अशी एकही जात सापडली नाही! पण अपेक्षा चुकली, हेही विज्ञानात एक उत्तरच असते.

तहान दक्षिणेची, पाणी उत्तरेचे

उत्तरेचे बर्फ वितळते, चुनखडकाच्या भेगांतून खाली झिरपते आणि पाणी न मुरू देणाऱ्या शेलच्या थराला अडून कड्यातून उसळते. हेच रोअरिंग स्प्रिंग्ज, म्हणजे गर्जणारे झरे. १९७० पासून येथील पाणी नळाने घळई ओलांडून दक्षिण काठावर जाऊ लागले. सुमारे २० किलोमीटरांचा तो नळ आता जीर्ण झाला. २०१० पासून तो ८५ हून अधिक वेळा मोठ्या प्रमाणात फुटला. म्हणून २०२३ मध्ये नव्या नळाचे काम सुरू झाले. दक्षिणेच्या गर्दीची तहान इतकी वर्षे या शांत काठानेच भागवली.

वणवा

४ जुलै २०२५ रोजी उत्तर काठावर वीज पडून वणवा लागला. प्रथम तो ठरावीक सीमेत राखण्याचा प्रयत्न झाला. पाईनवनाला अधूनमधून लहान आग हितकारकही असते. ती पालापाचोळा जाळते, जाड सालीचे मोठे वृक्ष तगतात. पण सोसाट्याचा वारा सुटला आणि आग आवरेना. १९३७ मध्ये पुन्हा बांधलेले काठावरचे जुने विश्रामगृह जळून गेले. उद्यानातील व शेजारच्या वनातील मिळून ५८ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र आगीच्या कक्षेत आले. उत्तर काठ त्या वर्षीच्या उरलेल्या हंगामासाठी बंद करावा लागला.

हानी केवळ इमारतीची नाही. होरपळलेल्या जमिनीत पाणी नीट मुरत नाही; राख आणि गाळ घेऊन ते ओढ्यांत धावते. खारीचे पाईन आणि झऱ्यांचे पाणी, दोन्ही त्याच वनाच्या आधाराने आहेत. ते वन पुन्हा उभे राहण्यास अनेक दशके लागतील.

मित्रांनो, ग्रँड कॅन्यन दूर आहे. पण डोंगर तुमच्याजवळही असेल. येत्या पावसाळ्यात त्याच्या दोन्ही बाजू पाहा. पाणी कोणीकडे वाहते, झाडी कोणीकडे दाट आहे, माती कोणीकडे अधिक झिजली आहे, याची वहीत नोंद करा. आणि ज्या बाजूला सहसा कोणी जात नाही, तिकडे मोठ्यांना सोबत घेऊन आधी जा!