हजेरीचं पुस्तक

बंगळुरूत हेब्बाळला माझ्या इमारतीच्या गेटवर सकाळी घरकामाच्या बायकांची रांग लागते. फोटो, फोन नंबर, आल्याची वेळ, आणि जाताना पिशवी उघडून दाखवायची. राहणाऱ्यांच्या पिशव्या कोणी बघत नाही. याच शहरातून ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडची हजारो माणसं दोन-चार दिवसांत गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेली. हल्ले होणार ही अफवा होती, पण चेहऱ्यावरून आपण ओळखले जाऊ ही भीती खरी होती. हे दोन्ही डोक्यात होतं, म्हणून संपादकांनी विमुक्तांवर, म्हणजे इंग्रजांच्या कायद्याने एकेकाळी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवर, लेख मागितला, तेव्हा इथून थेट सोलापूरला जाणारी उद्यान एक्स्प्रेस पकडली.

सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा आजही पोस्टाचा पत्ता आहे. रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं तरी पुरतं.

इतिहास थोडक्यात असा. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा त्यामागचा युक्तिवाद. गुन्हा रक्तात असतो, असं एका राज्यसंस्थेने कायद्यात लिहून ठेवलं. 1911 च्या नव्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्यावरही आला. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. सनदी अधिकारी स्टार्ट हे इलाख्यातल्या सेटलमेंटांचे प्रमुख होते. त्यांना ही सुधारणा वाटत होती. शाळा होती, गिरणीत काम होतं. चांगलं वागणाऱ्याला तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत घर मिळे.

मला मात्र या सगळ्यात हजेरीने धरून ठेवलं. तारेपेक्षा ती जास्त चिवट होती. कायद्याची कलमं वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती इतकी साधी आहेत. नववं कलम म्हणतं, नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेता येतील. दहावं म्हणतं, त्याने ठरल्या वेळी हजर व्हावं, राहण्याची जागा कळवावी, ती सोडली तर तेही कळवावं. सतराव्या कलमाने सहा वर्षांवरचं मूल आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवता येई. या कशालाही त्या माणसावर चोरी शाबीत होण्याची गरज नव्हती. जमात जाहीर झाली की पुरे.

गिरणीची पाळी करून आलेला बाप हजेरीला उभा राहतो. नाव पुकारलं जातं, तो 'हजर' म्हणतो, पुस्तकात खूण होते. पाहुण्याच्या गावी लग्न असेल तर पास हवा. पास संपला आणि वाटेत उशीर झाला, तर तोच गुन्हा. म्हणजे ज्याने कधी चोरी केली नाही, त्यालाही हे पुस्तक गुन्हेगार करू शकत होतं. माणसाला न मारता पिढ्यान्‌पिढ्या मोडणारी ही हिंसाच होती, आणि तिला तेच नाव दिलं पाहिजे.

मुंबई इलाख्यात हा कायदा 1949 मध्ये गेला, देशभरातून 31 ऑगस्ट 1952 ला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि पोलिसांची वही पुन्हा उघडली गेली. हे जगणं पुढे आत्मकथनांतून लोकांसमोर आलं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' 1987 मध्ये. मराठी वाचकाने दोन्ही डोक्यावर घेतली, दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते.

जर्मनीतल्या रोमा लोकांची गोष्ट इथे आठवते. नाझींनी त्यांना आधी जन्मजात गुन्हेगार ठरवलं, मग मारलं. 1956 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 1943 पूर्वीचा छळ वांशिक नव्हे, पोलिसी बंदोबस्त होता, असं म्हणून भरपाई नाकारली. सरकारने तो वंशसंहार होता हे मान्य करायला 1982 उजाडलं. आपल्याकडे तेवढी मोकळी कबुली माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आपल्याकडे 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तोवर काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींना जन्माने सराईत समजणारी कलमं शिल्लक होती. ती रद्द झाली. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, असंही न्यायालयाने सांगितलं. मला हा निकाल फार मोठा वाटतो, पण त्याचा मुख्य भर तुरुंगाच्या वहीवर आहे.

बाहेरच्या कचेरीत तोच रकाना भरून दाखवावा लागतो. महाराष्ट्रात विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, गावही नव्हतं, त्यांनी तो आणायचा कुठून? अशा घराची कागदावरची जुनी ओळख बहुधा पोलिसांनीच लिहिलेली असते. कैकाड्यांचं तर आणखी अवघड. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत ते अनुसूचित जातीत मोडतात, सोलापुरात विमुक्त जातीत. यवतमाळची मुलगी सोलापूरला दिली, तर तिच्या भावाच्या आणि तिच्या मुलांच्या दाखल्यावर वेगवेगळे प्रवर्ग येतात. जिल्ह्यानुसार प्रवर्ग बदलणारं हे क्षेत्रबंधन उठवा, ही मागणी जुनी आहे. त्यासाठी अनुसूचित जातींची यादी बदलावी लागते, आणि ती विधानसभेला बदलता येत नाही. संसदेत कायदा करावा लागतो.