अजिंठ्याची बारादरी आणि ‘इंग्रजांचें घर’

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अजिंठा गांवीं जी बारादरी आहे, तिच्याशीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याचें काम ईस्ट इंडिया कंपनीनें त्याजकडे १८४४ मध्यें सोपविलें व त्या काळांत त्याचा मुक्काम येथें असे. परंतु एवढ्यावरून कोणी ही वास्तु ‘इंग्रजी घर’ म्हणून नोंदविल्यास ती नोंद चुकीची होईल.

बारादरी म्हणजे बारा दारांची वास्तु. चहूंकडून वारा खेळावा हाच तिचा हेतु. इंग्लंडांतील दगडी घराचा हेतु याच्या अगदीं उलट असतो. लिंकन शहरांतील बाराव्या शतकांतील ‘ज्यूज हाऊस’ पाहावें. त्याचा दिवाणखाना वरच्या मजल्यावर, आणि तेथील शेगडीचें धुराडें थेट खालच्या दाराच्या कमानीवरून वर गेलेलें! एका घरांत वारा आंत घ्यावयाचा, दुसऱ्यांत ऊब कोंडून ठेवावयाची.

गिलच्या पावणेदोनशें वर्षें आधीं सुरतेसही असाच प्रकार होता. डॉक्टर फ्रायर यानें (त्याचा ग्रंथ १६९८ मध्यें छापला गेला) तेथील इंग्रजांच्या घराचें वर्णन केलें आहे. घर कांहीं अंशीं बादशहाची देणगी व कांहीं अंशीं भाड्याचें. दगडाचें व उत्तम लांकडाचें. नक्षी चांगली, पण तींत मूर्ति किंवा आकृति नाहींत. प्रत्येक मजल्याची जमीन निदान अर्धा यार्ड, म्हणजे एक हात, जाड व पक्क्या गिलाव्याची. खालींवर सज्जे, एक प्रार्थनेची खोली, भोजनास मोकळी जागा. बांधणी मुसलमानी घरांच्या धर्तीची, हें फ्रायर स्वतःच सांगतो. आकृतींवांचून असलेली नक्षी तेंच सुचविते.

ही जाडी केवळ शोभेची नव्हती. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजी महाराजांनीं सुरतेवर चाल केली, तेव्हां सर जॉर्ज ऑक्झेंडेन यानें याच वखारीच्या आश्रयानें बचाव केला. एस्कॅलिऑट या पाद्रीच्या पत्रांत त्या तयारीचा तपशील आहे. शहरांत आगी भडकल्या असतां दगडचुन्याचें घर टिकलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. मात्र भिंतींचें माहात्म्य फार वाढवूं नये. १६६० मध्यें पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरच्या बाजूनें तोफा डागणारा रेव्हिंग्टन पुढच्याच वर्षीं राजापुरास कैद झाला व तेथील वखार लुटली गेली. तेथें घराचा उपयोग झाला नाहीं.

रत्नागिरीच्या १८८० च्या ग्याझेटियरांत राजापुरची इंग्रज वखार भक्कम दगडी, खाडीपर्यंत आवार असलेली व तेव्हां सरकारी कचेरी म्हणून वापरांत असलेली अशी वर्णिली आहे. पण तीच १६६१ ची इमारत होय, हें केवळ नांवावरून ठरवितां येत नाहीं. जुन्या कागदांत ‘वखार’ शब्द कोठार, कचेरी व राहतें घर या तिहींस लागतो. घर बदललें तरी नांव तेंच राहतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं मोडी दप्तरें आहेत, त्यांनीं ‘वखार’ शब्दावर न थांबतां शेजारच्या हिशेबाच्या ओळीही वाचाव्यात: भाडें कोणास पोंचलें, चुना व लांकूड कोठून आलें, गवंडी कोण. घर मूळचें कोणाचें, याचा माग तेथेंच लागण्याचा संभव अधिक.