आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह

लोकप्रिय गायकाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका एका संग्रहात एकत्र आल्या, म्हणजे रसिकाला दुहेरी लाभ होतो. आवडता आवाज तर भेटतोच. शिवाय तो आवाज घडत होता, त्या काळाचेही दर्शन घडते. परंतु हा दुसरा लाभ आपोआप होत नाही. तो संग्राहकाच्या साक्षेपावर अवलंबून असतो.

उदाहरण आपल्या परिसरातलेच घ्या. बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे. पण १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती आणि वऱ्हाडही त्याच प्रांतात होता. त्या वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३२ साली तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

त्या काळच्या लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटे वाजे. दीर्घ आलापीला तीत वाव नव्हता; छोट्या कवितेला मात्र ती मापाने शिवल्यासारखी बसली. चुंबकीय फीत तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून चुकलेला भाग कापून जोडण्याची सोय नव्हती. एक स्वर बिघडला तरी गाणे पहिल्यापासून म्हणावे लागे. त्या एका दमाच्या गायनातील धिटाई आणि धास्ती दोन्ही जुन्या मुद्रिकांत ऐकू येतात.

नव्या संग्रहात नेमके हेच हरवू शकते. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ८० फेऱ्यांनी फिरली, तर गाणे जवळजवळ पाव स्वर चढते आणि गायक आहे त्याहून कोवळा भासतो. खरखर काढण्याचा अतिरेकही तितकाच घातक. खरखरीचा आणि ‘स’, ‘श’ या वर्णांचा ध्वनी पुष्कळ अंशी एकाच उच्च पट्टीत असतो. एक पुसताना दुसरा बोथट होतो. ज्या गायनप्रकाराचा प्राण शब्द, त्यात ही हानी लहान कशी म्हणावी? कधी मूळ मुद्रिका न मिळाल्यामुळे त्याच गायकाने उतारवयात पुन्हा गायिलेले गीत संग्रहात घातले जाते. ते सुरेल असेल, पण आरंभीचे नव्हे.

म्हणून असा संग्रह घेताना प्रथम सोबतचे माहितीपत्रक पाहावे. प्रत्येक गीताचे वर्ष, मूळ तबकडीचा क्रमांक, कवी आणि संगीतकार यांची नावे तेथे आहेत काय? गीते कालक्रमाने लावली आहेत काय? एवढी माहिती नसेल, तर गाणी ऐकून आनंद होईल. पण गायक कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, हे कळणार नाही. आणि घरातील माळ्यावर एखादी जुनी तबकडी असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी तिच्यावरील क्रमांक व नावे तेवढी टिपून ठेवा. पुढच्या संग्राहकाला कदाचित तीच हवी असेल.